व्यसन : नाही

बाळंतिणी आणि नवजात बाळांच्या वॉर्डात बावीस वर्षं नोकरी केली की नर्सकडे दोन गोष्टी साठतात. पाठदुखी आणि किस्से. पाठदुखीवर निदान मलम तरी मिळतं. घरी जेवताना मी तोंड उघडलं की नवरा म्हणतो, "आधी जेवण होऊ दे, मग सांग." आणि जेवण झालं की घोरायला लागतो! म्हणून आज तुम्ही सापडलात.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आमच्या कोल्हापुरातल्या दवाखान्यात बाळंतपणाला बाई आली की तिचा फॉर्म भरायचा असतो. नाव, गाव, वय, कितवी खेप, आणि त्याखाली एक ओळ : 'व्यसन'. ह्या ओळीपुढे मी बावीस वर्षं एकच शब्द लिहीत आले. 'नाही'. आमच्याकडच्या बायांइतक्या निर्व्यसनी बाया जगाच्या पाठीवर कुठं सापडायच्या नाहीत. कागदावर तरी!

*

एकदा एक पोरगी सातव्या महिन्यात तपासणीला आली. तिचं वजन भरत नव्हतं, पोटातलं बाळही वाढत नव्हतं. हसली तर दात काळेकुट्ट. शेजारी सासू उभी.

मी विचारलं, "मशेरी लावते का ही?"

मशेरी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, बारीक करायची, डबीत भरायची आणि बोटावर घेऊन दातांना घासत बसायचं. उठल्यावर एकदा, चहानंतर एकदा, जेवल्यावर, धुणं झाल्यावर, शेजारीण आली म्हणून, शेजारीण गेली म्हणून. ह्याला आमच्याकडे व्यसन म्हणत नाहीत, दात घासणं म्हणतात. दिवसातनं दहा वेळा दात घासणाऱ्या बायांचे दात असे कसे, हा प्रश्न मी कधीच विचारला नाही.

सासू म्हणाली, "डोहाळं हायत बाई तिचं. पोटुशीचं डोहाळं पुरवाय नगं व्हय?"

"बरं. कधीपासून लागलेत हे डोहाळे?"

सासूनं बोटांवर हिशेब केला, सुनेकडे बघून खात्री केली आणि म्हणाली, "आटवीत हुती तवापासनं!"

*

मग आमच्या डॉक्टर मॅडमनी ठरवलं की रोग मुळापासून उपटायचा. कोडोलीकडच्या एका गावात शिबिर लावलं. मॅडम मूळच्या पुण्याच्या, सगळं मनापासून करणाऱ्या. वरून पोस्टर आलं होतं. त्यात एक गरोदर बाई सिगारेट ओढतेय आणि तिच्यावर लाल फुली.

पोस्टर टांगल्यावर बायांच्यात कुजबुज सुरू झाली. शेवटी एक म्हातारी उठली. "ही कुटली बाई म्हणायची?"

मॅडम म्हणाल्या, "कुठलीही असू दे आजी. असं करायचं नाही, एवढंच सांगायचंय."

"आमच्यात न्हाय असलं कोन करत! आमी तुमास्नी तसल्या वाटलो व्हय?"

झालं! सगळी सभा रागावली. मॅडमनी कशीबशी समजूत काढली. तंबाखू ओढा नाहीतर घासा, बाळापर्यंत पोचतेच, बाळ लवकर आणि बारीक जन्मतं, कधी पोटातच जातं, असं सगळं नीट सांगितलं. बाया ऐकायला लागल्या. आणि तेवढ्यात सगळ्यांना ठसका लागला. मॅडमना तर बोलताच येईना.

मी समाजमंदिराच्या मागं जाऊन बघितलं. दोघीजणी चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजत बसलेल्या! मी म्हणाले, "अगं बायांनो, आत तुमच्यासाठीच भाषण चाललंय की!"

"चालू दे की," त्यातली एक उलथणं हलवत म्हणाली, "हितं बी आयकू येतंय. आता उटलो तर करपंल."

*

आता तुम्ही म्हणाल, बायांनाच काय नावं ठेवता! घ्या, एक बापही घ्या.

दीड किलोचं बाळ होतं. दिवस भरायच्या आधीच आलेलं. बाप काचेतनं बघायला आला की आमचा अख्खा व्हरांडा वासानं दरवळायचा. मॅडमनी त्याला खुर्चीत बसवला.

"गांजा ओढता?"

"अदनंमदनं."

"घरात?"

"खोलीत. आईबापाच्या म्होरं वडत न्हाय मी. संस्कार हायत."

"आणि बायको कुठं असते तेव्हा?"

"खोलीतच की."

"अहो, ती गरोदर होती! तिच्यासमोर ओढत होतात?"

त्यानं मॅडमकडे असं बघितलं की जणू त्याच दगडाच्या काळजाच्या आहेत. "मग काय पोटुशी बाईला थंडीत भाईर हुबी करू व्हय?"

मॅडम उठून गेल्या. ते बाळ झोपेत श्वास घ्यायचं विसरायचं. मशीन ओरडलं की तळपायाला टिचकी मारून त्याला आठवण करून द्यावी लागायची. दीड महिना टिचक्या मारल्या आम्ही. प्रत्येक टिचकी मारताना मला ती बापाच्या टाळक्यात मारावीशी वाटायची.

*

आणि हे सगळं अडाणी लोकांचं, असं समजू नका. एक ताराबाई पार्कातल्या बंगल्यातली बाई आली होती. खाजगी दवाखान्यात बाळासाठी जागा नव्हती म्हणून आमच्याकडे पाठवलेली. बोलायला गोड, उशाशी तब्येतीसाठी खायच्या तीन प्रकारच्या बिया.

मी फॉर्म घेऊन बसले. "व्यसन?"

"व्यसन असं नाही सिस्टर. वीड घ्यायचे मी. रोज नाही हं, फक्त मूडसाठी."

"म्हणजे गांजा."

तिला तो शब्दच आवडला नाही. "सिस्टर, इट्स नॅचरल. प्लांट-बेस्ड आहे. तुम्ही ते व्यसनात लिहू नका, वेलनेसमध्ये लिहा."

आमच्या फॉर्मवर वेलनेसची ओळ नाही. मॅडमनी काय ते त्यांच्या कागदावर लिहून घेतलं, माझ्या फॉर्मवर बाईंच्या आग्रहानं 'नाही'च राहिलं. संध्याकाळी तिला अंगात कणकण आली. मी पॅरासिटॅमॉलची गोळी नेऊन दिली तर ती दचकून मागं सरकली. "नको नको! बाळाला केमिकल नको!"

*

आता आमच्या गंगाक्काबद्दल सांगायला पाहिजे. गंगाक्का आमच्या वॉर्डातली आया. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे राग आला की कानडीत शिव्या देते आणि लाड आले की मराठीत. बाळं तिच्या हातात शांत होतात. मोठी माणसं मात्र तिला घाबरतात.

मॅडमनी एकदा हुकूम काढला की पेशंटच्या मशेरीच्या डब्या जप्त करायच्या. पहिल्याच दिवशी अकरा निघाल्या. उशीखालून, टिफिनच्या खालच्या डब्यातून, एक तर बाळाच्या दुपट्यात गुंडाळलेली! सगळ्या टेबलाच्या खणात ठेवल्या. मॅडम गंगाक्काला म्हणाल्या, "अक्का, ह्या सगळ्या नष्ट करा."

आठवड्यानं खण उघडला तर डब्या सगळ्या जागेवर आणि आतनं लख्ख रिकाम्या. मॅडमनी गंगाक्काला बोलावलं. ती तोंडाला पदर लावून उभी राहिली.

"अक्का, यातली मशेरी कुठं गेली?"

"तुमीच म्हणालासा न्हवं नष्ट करा म्हणून?" गंगाक्का पदराआडून म्हणाली, "एकटीनं केली बगा सगळी!"

*

'आमी लावली, आमची न्हाय का पोरं झाली?' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. झाली हो. जी जगली ती दिसतात. माझ्या आईलाही दोन पोरं गेल्यावर मी झाले, आणि तिची डबी शेवटपर्यंत तिच्या उशाशी होती. असो.

आता शेवटचा किस्सा. हा मला हसत सांगता येत नाही, पण सांगते.

रूपाली नावाची पोरगी होती, हातकणंगल्याकडची. तेवीस वर्षांची, पहिलटकरीण. बाळ झालं तेव्हा सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी ते रडायला लागलं ते थांबेचना. साधं रडणं नाही, बारीक, टोकदार, कानातून आरपार जाणारं. हातपाय थरथरायचे, शिंकांवर शिंका, भुकेनं मुठी चोखायचं पण दूध ओढता येत नव्हतं. साखर तपासली, रक्त तपासलं, सगळं बरोबर.

मॅडमनी मला बाजूला घेतलं. "हे नशेचं बाळ वाटतंय. आईला काहीतरी मिळत होतं ते ह्याला पोटात मिळत होतं, आता एकदम बंद झालंय. पण आईनं नेमकं काय घेतलं ते कळायला हवं. अंदाजानं औषध द्यायला हा जीव फार लहान आहे. झटके यायला लागले तर हातचा जाईल."

मी फॉर्म काढला. व्यसन : नाही. अक्षर माझंच.

रूपालीच्या खाटेशी तिची सासू चोवीस तास पहारा देऊन. दात काळे, कनवटीला डबी, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार. "रूपाली जेवली का?" सासू : "जेवली." "झोप लागली का हिला?" सासू : "लागली." "कुठल्या गोळ्या खात होती का ही?" सासू : "न्हाय!"

रूपालीला घाम फुटलेला, जांभया येत होत्या, नाक गळत होतं, पाय ठणकत होते. सासूनं निदान केलं, "बाळंतवारं शिरलंय!" आणि तिच्या कानांवरून असा घट्ट स्कार्फ बांधला की आमचे प्रश्न तिच्यापर्यंत पोचणंच बंद झालं. नातवासाठी मीठ-मिरच्या आणल्या. आत सोडलं नाही तर काचेबाहेरून ओवाळल्या!

मी रागावून विचारलं, गोडीनं विचारलं. काही उपयोग नाही. आत ते बाळ किंचाळतच होतं.

दुपारी नातेवाइकांना बाहेर काढतात तेव्हा सासू भाकरी खायला खाली गेली. गंगाक्का फरशी पुसत होती. तिनं पोछा भिंतीला टेकवला, रूपालीच्या खाटेशी बसली, तिच्या कानाचा स्कार्फ सोडला आणि स्वतःच्या कनवटीची डबी काढून पुढं केली. "घे ग बाळा. सासू यायच्या आत."

मी दारात होते. ओरडणारच होते. बाळंतिणीला मशेरी, तीही माझ्या वॉर्डात! पण आमच्याकडे बाईनं बाईपुढं डबी धरली की ती नुसती डबी नसते. धुण्यावर, बांधावर, जिथं डबी फिरते तिथं मनातलं निघतं. माझ्या आईच्या अंगणात मी ते पाहिलेलं. मी तोंड मिटलं.

रूपालीनं डबी परत सारली. मग म्हणाली, "मावशी, मशेरीनं भागत न्हाय माजं." आणि रडायला लागली.

उशीच्या अभ्र्यातनं तिनं गोळ्यांची रिकामी पट्टी काढली. नवरा टेम्पो चालवतो. पाठ दुखते म्हणून टपरीवरून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणायचा, लपवून विकतात तसल्या, अफूच्या जातीच्या. तिसऱ्या महिन्यात हिची कंबर धरली तेव्हा एक हिलाही दिली. नवव्या महिन्यात रोजच्या सहा झाल्या होत्या. एक चुकली तरी अंथरुणातून उठता येत नव्हतं.

गंगाक्कानं विचारलं, "मग सिस्टरनं इचारलं तवा का न्हाय सांगितलंस?"

"सिस्टरनी मला कुटं इचारलं?" रूपाली म्हणाली. "त्या आत्तीस्नी इचारत हुत्या."

खरं होतं. बावीस वर्षं, सासू शेजारी असली की मी सासूलाच विचारत आले होते. सासवा पटकन उत्तर देतात, फॉर्म लवकर संपतो. त्या दारात उभी राहून मला स्वतःची इतकी लाज वाटली की पट्टी घ्यायला हात पुढं होईना. गंगाक्कानंच ती आणून माझ्या हातात दिली.

मॅडमनी त्याच दुपारी औषध सुरू केलं, थेंब मोजून. बाळाला अंधाऱ्या कोपऱ्यात घट्ट गुंडाळून ठेवलं. आवाज करेल त्याला गंगाक्का कानडीत ऐकवायची. रूपालीचेही उपचार सुरू झाले, गोळी हळूहळू उतरवण्याचे. मॅडमनी तिलाच विचारून सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून सगळं सांगितलं. तीन आठवड्यांनी बाळ पहिल्यांदा पोटभर दूध पिऊन झोपलं.

डिस्चार्जच्या दिवशी मी नवा फॉर्म काढला. बाळ सासूच्या मांडीवर होतं. ह्या वेळी मी माझी खुर्ची उचलून रूपालीच्या समोर ठेवली. नाव विचारलं, गाव विचारलं. मग विचारलं, "व्यसन?"

सवयीनं सासूच बोलली, "न्हाय!"

"हाय," रूपाली म्हणाली. "लिवा, सिस्टर."

मी लिहिलं. सासूनं नातवाच्या तोंडाकडे बघितलं. मग तिनं बाळ रूपालीच्या मांडीवर दिलं, कनवटीला हात घातला आणि मशेरीची डबी काढून माझ्या फॉर्मवर ठेवली.

"मग माजं बी लिवा."

मागं गंगाक्काचा पोछा थांबला. "सिस्टर," ती म्हणाली, "ती डबी नष्ट कराय माज्याकडं देऊ नगासा."