अडलेला कौल

सातवीत शाळा सोडली तेव्हापासून मला एकच भीती आहे. आपल्याला कळत नाही, याची. आमच्या तळकोकणातल्या गावात त्यावर उपाय होता, ग्रामदेवी सातेरीचा कौल. गुरवकाका सातेरीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावायचे. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. कधी कधी मात्र एकही पडत नसे. मग काका म्हणायचे, "कौल अडलो रे. आता गप ऱ्हव." ते गप राहणं मला कधी जमलं नाही.

अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला येऊन नऊ वर्षं झाली होती. जुन्या शहरात खोली घेऊन एकटाच राहायचो. त्या हिवाळ्यात ताप लागला, तो महिना उलटला तरी उतरेना. शेवटी, जिथे मुलं डॉक्टरकी शिकतात अशा एका मोठ्या दवाखान्यात भरती झालो. पोटात प्लीहा वाढलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, "टीबी असू शकेल, पण अजून नक्की सांगता येत नाही." तापाने जेवढं पोखरलं नाही, तेवढं त्या 'नक्की नाही'ने पोखरलं. गावी असलेल्या बायकोला फोनवर मी टीबीच सांगून मोकळा झालो. निदान नाव तरी मिळालं.

त्यातच मुलांची परीक्षा आली. प्लीहा हाताला चांगली लागते म्हणून मलाही परीक्षेला ठेवलं. त्या दिवशी पेशंटची फाइल काढून घेतात. मुलांनी विचारून, तपासून आजार ओळखायचा आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांना सांगायचा. सकाळी उठून मी पाकिटात जपून ठेवलेली सातेरीच्या प्रसादाची एकुलती एक पाकळी काढली, पाण्यात भिजवली आणि उशाशी असलेल्या सलाइनच्या दांड्याला चिकटवली. म्हटलं, आई, टीबी असेल तर उजवीकडे टाक, नसेल तर डावीकडे.

पाकळी पडेना. डोक्यावर पंखा गरगरत होता, अंगावरची चादर उडत होती. पाकळी सुकली, कडा वळल्या, तरी हलेना. शेजारच्या खाटेवर पातूरचे गादीवाले चाचा होते. तेही तिच्याकडे बघत राहिले. "भाऊ, हे काहून पडून नाही राहिली?" त्यांनी हळूच विचारलं. माझ्या अंगावर काटा आला.

मुलं येत होती. घामेजलेली, ओठ सुकलेली. एकजण कानाशी वाकून म्हणाला, "काका, थोडी हिंट द्या ना." मला त्याची दया आली. माझ्यासारखाच घाबरलेला. मी म्हटलं, "टीबी." त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि तेच लिहिलं. मग मी येईल त्याला तेच सांगत गेलो. चाचा म्हणाले, "डॉक्टरले नाही ठाव, तुले ठाव? लय हुशार हायेस." मी ऐकलं नाही. सांगताना माझीच भीती कमी व्हायची.

शेवटी दर्यापूरकडची एक मुलगी आली. तिलाही मी टीबी सांगितलं. तिने कागदावर काही लिहिलं नाही. पोट तपासलं, मग माझे हात उलटसुलट करून नखं बघत बसली. नखांत काड्यांसारख्या बारीक रेघा होत्या. मी म्हटलं, "सरकीची घाण असेल." ती म्हणाली, "धुतल्यावर जाते का?" जात नव्हत्या. "दात काढला होता का एवढ्यात?" काढला होता. तिने नखं पुन्हा एकदा उजेडात धरली. मग म्हणाली, "काका, खरं सांगू? मले समजून नाही राहिलं."

त्याच क्षणी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. वॉर्डात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. वारा नाही, धक्का नाही, आणि पाकळी सुटली. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. सरळ माझ्या छातीवर, डाव्या बाजूला येऊन पडली. मुलीने ती दोन बोटांनी उचलून चादरीवर ठेवली आणि ती पडली होती तिथेच गळ्यातली नळी टेकवली. डोळे मिटले. खूप वेळाने नळी माझ्या कानाला लावली. "हे ऐका." प्रत्येक ठोक्यामागे आतून कुणीतरी फुंकर मारत होतं.

साहेब आले, तेव्हा ती उठून उभी राहिली. "नक्की सांगता येत नाही सर, पण हृदयात आवाज आहे." साहेबांनी स्वतः नळी लावली. चेहरा बदलला. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत निघालं की हृदयाच्या झडपेला संसर्ग झाला होता, दातातून गेलेला. अजून पंधरा दिवस गेले असते तर मी आज हे लिहायला नसतो.

सहा आठवडे सलाइनमधून औषध चाललं. मधे ती भेटायला आली. मी विचारलं, "पास झालीस का, बाई?" म्हणाली, "काठावर. तुमच्या टीबीवाल्यांची मात्र वाट लागली." मी मान खाली घातली. मग विचारलं, समजत नसताना भीती नाही वाटली? ती म्हणाली, "वाटते ना. पण भीती वाटली की आमी अजून एकदा ऐकतो."

सुकलेली पाकळी कधीतरी पडतेच, हे मलाही ठाऊक आहे. मी वाद घालत नाही. गावी गेलो तेव्हा ती पाकळी सातेरीच्या पायाशी ठेवली. गुरवकाकांनी विचारलं, कौल लावूचो? मी नको म्हटलं, आणि हात जोडून बसून राहिलो. आई, तुका म्हायत आसा, ता पुरे.