टोपी पाचवर होती

हे मी आजवर कुणाला बोललेली नाही. नवऱ्याला नाही, गावी आईला नाही. तुम्हाला का सांगते आहे — तेही नीट माहीत नाही.

मी सातवीनंतर शाळा सोडली. माहेर-सासर दोन्ही हिंगोलीकडचं. नवऱ्याच्या कामामुळे मुरबाडला आले. इथे एका छोट्या वर्कशॉपमध्ये, शेतातली मोटार मोबाइलवरून चालू-बंद करायचे बोर्ड बनतात. मला तिथे लावलं कमलताईंनी. ‘शिकंल ती. मी हाय ना,’ असं त्या मालकांना, म्हणजे आमच्या सरांना, म्हणाल्या. अनोळखी बाईसाठी एवढं कोण बोलतं? सिद्धगडच्या पायथ्याच्या गावातून त्या रोज जीपने यायच्या. बोर्डांचं सोल्डरिंग, म्हणजे वितळलेल्या धातूचे टाके घालून भाग जोडणं, त्यांच्याकडे. दहा वर्षांचा हात.

माझं काम त्यापुढचं — बोर्ड कॉम्प्युटरला जोडून त्यात प्रोग्रॅम चढवायचा. मध्ये बोटाएवढा यूएसबी अडॅप्टर. त्यावर इवलीशी काळी टोपी असते. ती बसवू तेवढं व्होल्टेज बोर्डाला जातं, तीन किंवा पाच. आमचा बोर्ड तीनचा. कमलताईंनी पहिल्याच दिवशी बजावलेलं, ‘बाकी काय पण कर, टोपीला हात नको लावू गो.’

त्या दिवशी प्रोग्रॅम चढेना. मला वाटलं, करंट कमी पडतोय. विचारलं असतं — पण ‘सातवी शिकलेली, हिला काय जमणार’ असं कुणी म्हणेल, ही धास्ती कायमच. मी टोपी पाचवर सरकवली. बोर्ड तापला आणि गेला. मग दुसरा लावला. तिसरा. चौथ्याला जळका वास आला, तेव्हा कुठे हात थांबला. मग नीट पाहिलं, तर खरी गोष्ट भलतीच होती. माहिती पाठवायची आणि घ्यायची अशा दोन वायरी फुलीसारख्या उलटसुलट लावतात. मी त्या सरळ लावल्या होत्या.

इथवर चूक म्हणा. पुढच्याला काय म्हणाल?

सर येताना दिसले आणि मी टोपी परत तीनवर बसवली. वायरीही बदलल्या. सरांनी बघितलं — सगळं जागच्या जागी. पाचवा बोर्ड लावला, तो चालला. म्हणाले, ‘कमलताई, टाका घालताना गरम आयर्न जास्त वेळ टेकवलं असणार तुम्ही.’

‘नाय हो सर, तसं नाय व्हायचं.’ आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं — संशयाने नाही. मी त्यांच्या बाजूने बोलेन म्हणून.

मी म्हणाले, ‘मी तर रोजच्यासारखंच जोडलं.’

त्यांना कुणी काढलं नाही. पण चूक आपलीच, हे त्यांना पटलं — ते जास्त वाईट. भिंग घेऊन चारही बोर्डांचे टाके दिवसभर तपासत बसल्या. काही सापडलं नाही. तरी म्हणाल्या, ‘डोळं गेलं माझं.’ आठवड्यात स्वतः सांगून पॅकिंगला गेल्या. मी खरं सांगणं एका वाक्याचं काम होतं. तीन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात नातवाच्या टॉर्चची तुटलेली वायर त्यांनी घरी जोडली आणि मला दाखवायला आणली. ‘बघ गो, टाका बसलाय का? माझा मला भरवसा नाय.’

टाका गोल, चकचकीत. एक थेंब जास्त नाही.

मी म्हणाले, ‘बसलाय.’

एवढंच म्हणाले. त्या टॉर्च घेऊन गेल्या, मी पुढचा बोर्ड जोडायला घेतला.