थांबलेला मुरडा

आमच्या घरात अधूनमधून एखाद्या शनिवारी एरंडेल असे, आणि त्या शनिवारांचा मला आजही राग आहे. आई आम्हा दोघी बहिणींना शेजारी शेजारी बसवून, नाक दाबून एरंडेल तोंडात ओतायची आणि वर आल्याचा कोरा चहा पाजायची. जंत पडले की गड सर केल्यासारखी खूश व्हायची. जामखेडकडच्या आमच्या गावात जंत नसलेलं मूल शोधूनच काढावं लागलं असतं. वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते, पण घरातल्या पोटांचा कारभार आईकडे.

लढाईच्या दिवसांतल्या एका हिवाळ्यात धाकटीचं पोट दुखायला लागलं. पाच वर्षांची पोर. हातपाय काटक्या, पोट तेवढं टम्म. कळ आली की कातडीखाली आतडी वळवळताना दिसायची, गुरगुर पलीकडच्या खोलीत ऐकू यायची. परसाकडे होत नव्हतं. उलटीतून जंत पडला, तसं आईने एरंडेल दिलं. उतार पडेना म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट दिलं.

संध्याकाळी कळा एकाएकी थांबल्या. गुरगुरही थांबली. धाकटी निपचित पडून राहिली.

"मुरडा गेला बगा. निजू द्या तिला," आई म्हणाली. वडील बैलगाडी सांगायला निघाले होते, ते चपला काढून परत आत आले. त्या दिवशी आम्ही पोटभर जेवलो.

सकाळी तिचं पोट फुगून ताणलं होतं आणि हातपाय गार पडले होते. मग बैलगाडी, पुढे उतारूंची सर्विस मोटार, नगरचा दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी नळी पोटावर ठेवून बराच वेळ ऐकलं. आत कसलाच आवाज नव्हता.

"जंतांचा गोळा अडकलाय," त्या वडिलांना म्हणाल्या. "गोळा पुढे ढकलायला आतडं जोर लावत होतं, त्याच्या त्या कळा. एरंडेलाने त्याला आणखी जोर लावायला लावला. शेवटी आतड्याचे स्नायू दमले."

"काल सांजच्याला निवांत झाली हुती ती," आई म्हणाली.

"तेव्हाच आतडं थांबलं होतं, बाई."

मला त्या बाईंचा संताप आला. इतकं खरं बोलायची काय गरज होती?

धाकटी दुपारी गेली. परतीच्या मोटारीत आई कुणाकडे न बघता एवढंच बोलली, "आन मी देवबापाचं आभार मानून निजले."