पाहुण्याला गिऱ्हाईक म्हणू न देणाऱ्या शैलाताई

शैलाताईंच्या दारात मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा त्या ‘ये, बस’ म्हणाल्या नाहीत. बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाल्या, “बूट काढू नकोस. आधी तोंड दाखवायचं, मग तोंड धुवायचं.”

मी जपानात ग्योतोकूच्या एका हॉटेलात तंदूरवर काम करायला आलो होतो. मालकाने कबूल केलेली खोली मिळालीच नाही. तिथे जेवायला येणाऱ्या काकांनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, मला बॅगेसकट हिगाशी-कसाईच्या आपल्या घरी आणलं. मी पाणी प्यायच्या आधी ताई मला घेऊन शेजारी, समोर, वर, खाली सगळ्या दारांवर गेल्या. मी कमरेत वाकायचं, लाडू पुढे करायचा, आणि ताईंनी सांगायचं, “हे आमच्याकडे राहणार आहेत. ओक्याकुसान आहेत.” ओक्याकुसान म्हणजे पाहुणा. पुढचं सगळं रामायण याच शब्दाने घडवलं.

ताईंच्या साठीनिमित्तच्या या ग्रंथात मी लिहावं असं ठरलं तेव्हा मला बजावण्यात आलं की जरा सौम्य लिहा. माझी शाळा नववीत सुटली, त्यामुळे सौम्य कसं लिहितात ते मला कोणी शिकवलेलं नाही. आणि शैलाताईंवर सौम्य लिहिणं म्हणजे तंदूर विझवून रोटी लावणं.

ताई काकांच्या नोकरीमुळे इथे आल्या. आता त्या पाळणाघरात अर्धा दिवस काम करतात. उरलेला अर्धा दिवस त्यांच्या घरातली आतली लहान खोली चालते. नव्याने आलेला इंजिनिअर, मुलाखतीसाठी क्योतोहून आलेली विद्यार्थिनी, नवरा दौऱ्यावर आणि बाळंतपण जवळ आलेली कुणाची तरी सूनबाई, सगळे तिथे राहून गेलेत. कुणाकडून त्यांनी कधी काही घेतलं नाही. कामाला मात्र सगळ्यांना लावलं. माझ्याकडे सकाळचा कचरा होता. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, बाटल्या धुऊन.

त्याच इमारतीत वर आपल्याच मराठी मंडळींपैकी एक साहेब राहायचे. त्यांनी तिथेच दुसरा फ्लॅट घेतला आणि पर्यटकांना चार-दोन दिवसांच्या भाड्याने द्यायला लागले. इथे त्याला मिन्पाकु म्हणतात आणि त्याचे नियम सरळ आहेत. नोंद करा, शेजाऱ्यांना आधी कळवा, दारावर पाटी लावा, कचऱ्याची स्वतंत्र सोय करा, आणि इमारतीची मनाई असेल तर करूच नका. आमच्या इमारतीची मनाई होती. साहेबांनी पर्यटकांना पढवून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर म्हणायचं, आम्ही पाहुणे!

मग जिन्यात चाकांच्या बॅगा गडगडायला लागल्या, भलत्याच दारांच्या बेल वाजायला लागल्या, कचऱ्याची नुसती खिचडी व्हायला लागली. इमारतीच्या समितीचे प्रमुख साकामोतो-सान हे म्हातारे गृहस्थ हातमोजे घालून ती खिचडी निवडत बसायचे. शेवटी वैतागून त्यांनी बैठक बोलावली. प्रस्ताव एकच होता, कुटुंबाबाहेरच्या कुणीही इमारतीत रात्री राहायचं नाही. म्हणजे मी रस्त्यावर, आणि माझ्यामागून येणारेही.

बैठकीच्या आदल्या दिवशी साहेब ताईंकडे चहाला आले.

“ताई, तुम्ही कशाला टेन्शन घेता? याला भाचा म्हणा. फॅमिली म्हटलं की मिटलं. त्यांना काय कळतंय?”

“त्यांना नाही कळणार. मला कळतंय ना!”

“अहो, आपल्यातलं आपल्यात ठेवायचं असतं.”

“मग कचरा पण आपल्यातच ठेवा की! तो कशाला त्या म्हाताऱ्याच्या हातात देता?” ताईंनी त्यांचा कप उचलला. “पैसे घेऊन माणसं ठेवायचीत तर जिथे परवानगी आहे तिथे ठेवा आणि दारावर पाटी लावा. गिऱ्हाइकाला पाहुणा म्हणू नका. तो शब्द तुमच्या एकट्याचा नाही.”

बैठकीत साकामोतो-सान थेट ताईंकडे वळले. “तुमच्याकडेही धंदा चालतो. तुम्हीच दारात येऊन सांगितलंत, ओक्याकुसान म्हणून.”

ताईंनी मला पाहून कपाळावर हात मारून घेतला. मी रोज हॉटेलात जेवायला येणाऱ्याला ओक्याकुसानच म्हणतो! जपानीत पाहुण्याला आणि गिऱ्हाइकाला तो एकच शब्द. ताई इतकी वर्षं मोठ्या आपुलकीने दारोदार जाऊन सांगत होत्या की हे पाहा आमचं नवीन गिऱ्हाईक. वर लाडू!

“आमच्या भाषेत दोन शब्द आहेत,” ताई उभ्या राहून म्हणाल्या.

“फरक काय?”

“गिऱ्हाइकाला विचारता येतं, किती दिवस राहणार? पाहुण्याला विचारायची सोय नसते.”

मागच्या रांगेतल्या एक आजी फस्सकन हसल्या. त्यांच्याकडे बहुतेक जाऊबाई येऊन राहिल्या असाव्यात.

“आणि गिऱ्हाईक तुमच्या कचऱ्याच्या बाटल्या धुतं का? हा धुतो. रोज बघता तुम्ही याला. माझा हा कोणी लागत नाही, तरी माझ्याकडे राहणार. तुम्ही प्रस्ताव मंजूर केलात, तरी मी याला बाहेर काढणार नाही. दंड लावा.”

साकामोतो-साननी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतःच प्रस्ताव बदलला. पैसे घेऊन कुणालाही ठेवायचं नाही. पैसे न घेता ठेवलं तर पहिल्या दिवशी शेजाऱ्यांच्या दारी नेऊन तोंड दाखवायचं. ताईंची सवय इमारतीचा नियम झाली. साहेबांचा हात सोडून सगळे हात वर गेले.

त्यानंतर साहेबांचा धंदा बंद झाला आणि आपल्या मंडळींनी ताईंकडे जाणं बंद केलं. “आपल्याच माणसाच्या पोटावर पाय दिला,” म्हणाले. त्या वर्षी गणपतीच्या आरतीलाही त्यांना कुणी बोलावलं नाही. आज तीच मंडळी या ग्रंथात ताईंच्या आतिथ्याचे गोडवे गाणार आहेत. खुशाल गा. पण जेव्हा ते आतिथ्य वाचवायचं होतं, तेव्हा ताई एकट्या उभ्या होत्या, एवढं या ग्रंथात छापलेलं राहू द्या.

माझ्या पायाला भिंगरी आहे. दोनदा ताईंचं घर सोडून दुसऱ्या गावी कामाला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी अडवलं नाही. डबा बांधून दिला आणि म्हणाल्या, “डबा परत करायला तरी येशील.” दोन्ही वेळा आलो.

इकडे साठी पूर्ण झाली की लाल अंगरखा घालतात. ताईंसाठी तो साकामोतो-सान घेऊन आले. दार मी उघडलं. “पाहुना-सान,” मला ते आता याच नावाने हाक मारतात, “ओबासान आहेत का?” ओबासान म्हणजे मावशी.

ताई, तुम्हाला निरोगी आणि भांडखोर आयुष्य लाभो. किती, ते मी लिहीत नाही. तुम्ही इथे आमच्यात किती दिवस राहणार, हे देवानेही विचारू नये. पाहुण्याला ते विचारायची सोय नसते.