बंद घरातली घंटा

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणतात. बायको गेल्यावर मी तोच न्हावी झालो. कल्याण स्टेशनात तारमास्तर होतो. सकाळी जायचं, दिवसभर कट्ट-कडकट्ट ऐकायचं, दिवेलागणीला परत. घरी कोण? दोन खोल्या आणि मागे विहीर. विहिरीपलीकडे घरमालकीण काकू, साठीच्या, विधवा, त्याही एकट्याच. रोज संध्याकाळी भाजीची वाटी आणून द्यायच्या, तेवढाच मला माणसाचा आवाज. बाकी स्टेशनातली माणसं तारेवरच बोलायची, आणि तीही गाड्यांबद्दल.

बायको प्लेगच्या साथीत गेली, तीन दिवसांत. तिसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी माणूस धाडला की लगेच ये. मी तारेवर बसलेलो. निम्मा स्टाफ साथीला भिऊन गावी पळालेला, यंत्र सोडायचं कोणावर? म्हटलं, बदली माणूस आला की निघतो. बदली आला, मी धावत गेलो, तेव्हा अर्धा तास झाला होता ती जाऊन. तेव्हापासून एकच गोष्ट मला आतून खात होती, की जाताना ती माझ्यावर रागावली होती का. शेवटी तिच्यापाशी काकू होत्या, त्या तिला पोरच म्हणायच्या. त्यांना विचारता आलं असतं. पण उत्तर नको ते आलं तर? वर्ष गेलं, मी विचारलं नाही. रोज भाजीची वाटी घेत होतो आणि भाजी कशी झाली ते सांगत होतो.

स्टेशनातल्या गोऱ्या इन्स्पेक्टरकडे विलायतेचं शास्त्राचं मासिक यायचं. वाचून झालं की तो ते आमच्या टेबलावर टाकायचा. त्यात एकदा छापून आलं की दहा-वीस मैलांवर वीज कडाडली तर घरातली घंटा वाजते, मध्ये तार नसताना. मी दहा वर्षं तारेवर पोट भरलेला माणूस. म्हटलं, ही शुद्ध थाप आहे. दोन दिवस चिडचिड केली आणि तिसऱ्या दिवशी म्हटलं, करून तर बघू, घरी जाऊन तरी काय दिवे लावणार आहोत.

यंत्र तसं साधं. काचेच्या नळीत लोखंडाचा कीस. एरवी तो कीस करंट जाऊ देत नाही. दूर वीज चमकली की कण एकमेकांना चिकटतात, वाट मोकळी होते आणि घंटा वाजते. पण एकदा चिकटले की चिकटलेच. टिचकी मारून सुटे केल्याशिवाय नळीला पुढचं काही ऐकू येत नाही.

विलायतेतलं सामान मला कुठलं परवडायला? अत्तराची कुपी दोन्हीकडून कापली, ती नळी. लोहाराकडून कीस आणला तो तेलकट निघाला, मग खिळा कानशीने घासत बसलो. बॅटरीला बरणी हवी होती. फडताळात लोणच्याची एक होती, तिने घातलेल्या लिंबाच्या चार फोडी तळाशी उरलेल्या. त्या मी चार दिवस पुरवून खाल्ल्या आणि बरणी धुतली. नवसागर कल्हईवाल्याने दिला. जस्त, कोळशाची कांडी, हातोडीने टोला देणारी विजेची घंटा आणि बारीक करंटावर मोठा करंट सुरू करणारा एक जुना रिले स्टेशनातल्या मोडीतून इन्स्पेक्टरला विचारून आणला. तो हसला आणि म्हणाला, घेऊन जा.

नळीची एक तार शेवग्याच्या शेंड्यावर नेली. दुसरी जमिनीत ओल असेल तिथे हवी, म्हणून विहिरीत सोडायला गेलो तर काकू कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पिण्याच्या पाण्यात काय सोडतोयस रे?"

"तार, काकू."

"कसली?"

"तांब्याची."

"मग सोड. तांब्याला विटाळ नाही."

टिचकीसाठी मासिकात वेगळी हातोडी होती. माझ्याकडे दुसरी हातोडी नव्हती आणि घ्यायची ऐपतही नव्हती. दीड महिना डोकं खाजवलं. शेवटी नळी घंटेला अशी खेटून बसवली की हातोडी घंटेवर टोला देऊन मागे येताना तिची दांडी नळीला लागेल. म्हणजे घंटा वाजली की आपली आपण टिचकी. तेव्हा इतका आनंद झाला की कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला कोणी नव्हतं. गावात नवी आलेली पिठाची चक्की बघावी तसं त्या यंत्राकडे बघत राहिलो.

हस्त नक्षत्र लागलं. दुपारी ढग जमायचे, पण दुपारी मी स्टेशनात. एके दिवशी घरी आलो तर काकू माझ्या पायरीवर बसलेल्या, चेहरा उतरलेला.

"तुझ्या घरात घंटा वाजली. कुलूप होतं. तीनदा वाजली."

मला नाचावंसं वाटलं. "वाजली? खरंच वाजली?"

"पोर वाजवायची तशीच. नैवेद्याच्या वेळी."

मी समजावलं, ही वीज. त्या म्हणाल्या, इथे आभाळ लख्ख होतं, कसली वीज आणि कसलं काय. मी म्हटलं, वीज लांब घाटाकडे असेल, हीच तर यंत्राची करामत. त्यांनी मान हलवली, पण पटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दारात झेंडूचं फूल दिसायला लागलं. मग कळलं की काकू रोज दुपारी पायरीवर बसून बंद दाराशी बोलतात. घरात काय शिजलं, कोणाच्या गाईला काय झालं, सगळं. वर शेजारणींना सांगतात, पोरीची काहीतरी इच्छा राहिलीय, म्हणून सुटत नाही.

इच्छा राहिलीय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसली इच्छा ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. शेवटी नवऱ्याला बघायची, आणि नवरा आला नाही. विहिरीवर चारचौघींत मी काकूंना म्हणालो, माझ्या बायकोला भूत ठरवू नका. संध्याकाळी भाजीची वाटी आली, पण पायरीवर ठेवून त्या परत गेल्या.

मी रजा काढली. दुपारी मलंगगडावर ढग काळे व्हायला लागले तसं काकूंना बोलावून यंत्रासमोर पाटावर बसवलं. दार सताड उघडं ठेवलं.

"गडाकडे बघत बसा. वीज चमकली की घंटा वाजेल. गडगडाट नंतर येईल."

चमकली, वाजली. मी आकडे मोजले, मग गडगडलं. पुन्हा तसंच झालं. पाचव्यांदा काकू स्वतःच मोजायला लागल्या. मी शेवग्यावरची तार सोडवली, वीज चमकली, घंटा गप्प. पुन्हा जोडली, वाजली. वकिलाने कोर्टात मांडावं तसं मी सगळं मांडलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मला भारी वाटत होतं.

"म्हणजे ती नाही," काकू म्हणाल्या.

"नाही. कधीच नव्हती."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाल्या, "मी तिला विचारलं होतं रे. शेवटी ती शुद्धीत नव्हती, मला तरी काय कळणार? म्हणून दाराशी बसून विचारलं. त्याच्यावर रागावली असशील तर वाजव. तीन दिवस विचारलं. तिन्ही दिवस नाही वाजली."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू कधी विचारलंस?" त्या उठल्या. "आणि आता त्याला काय अर्थ राहिला? तूच तर दाखवलंस, वीज आहे म्हणून."

त्या विहिरीला वळसा घालून घरी गेल्या. मी त्यांच्या पाटावर बसलो. एवढा इंग्रजी शिकलेला, कीस स्वतः घासलेला माणूस. तरी दार लोटलं आणि अगदी हळू विचारलं, "रागावली होतीस का गं?"

घंटा वाजली.

वीजच होती. गडगडाट मागून आला, मी मोजला. दुसऱ्या दिवशी शेवग्यावर चढून तार उतरवली.