कॅप्टनचा अहवाल

माझ्या बायकोच्या थोरल्या भावाला सगळे कॅप्टन म्हणायचे. विमान त्याने कधी चालवलं नव्हतं. विमानात तो आयुष्यात दोनदा बसला होता, आणि दोन्ही वेळा खिडकी मिळाली नाही म्हणून तोंड पाडून उतरला होता. तो लिफ्ट मेकॅनिक होता. पण जगात कुठलं विमान कुठे आणि कसं पडलं हे त्याला तोंडपाठ होतं, आणि तेवढ्या भांडवलावर तो स्वतःला मोठा जाणकार समजायचा.

रविवारी दुपारी घरात विमान अपघातांचे माहितीपट लागायचे. लागायचे म्हणजे तो लावायचा आणि बाकीच्यांनी मुकाट बघायचे. शेंगदाण्यांची वाटी पोटावर ठेवून तो खुर्चीत रेलायचा. विमान कोसळायच्या बरोबर आधी चित्र थांबवून एकेकाला विचारायचा, आता पायलटने काय करायला हवं होतं? कुणाला उत्तर यावं अशी त्याची इच्छाच नसायची. पडद्यावर दीडशे माणसं मरायला टेकलेली, आणि हा बोटाचं मीठ चाटत समजावतोय की तपासणीच्या यादीतली कुठली ओळ वाचायची राहिली. शेवटी मेलेल्यांचे नातेवाईक बोलायला लागले की तो भाग पुढे ढकलायचा. रडारड नको, आपल्याला कारणाशी मतलब, म्हणायचा. माझी सासू, म्हणजे त्याची आई, एकदा म्हणाली, त्या बाई काय सांगताहेत ते ऐकू दे रे जरा. त्याने ऐकू दिलं नाही.

मी त्याच्याच कंपनीत त्याचा जोडीदार होतो. नोकरीला त्यानेच चिकटवलं होतं, त्यामुळे माझी मान कायम खाली. एकतीस इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे होत्या. दर महिन्याला प्रत्येक लिफ्टचा फॉर्म भरायचा: दोर, दरवाजे, ब्रेक अशा बावीस गोष्टी तपासून खुणा करायच्या आणि खाली दोघांनी सह्या ठोकायच्या. लिफ्टचं यंत्र असतं गच्चीवरच्या खोलीत. तिथे उकडतं, ग्रीसने हात बरबटतात आणि शेवटचा जिना चढून जावा लागतो. कॅप्टन बावीसच्या बावीस खुणा तळमजल्यावर वॉचमनच्या खुर्चीत बसून करायचा. एका हातात पेन, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर धावपट्टीवर जळणारं कुठलंतरी विमान. मी एकदा म्हणालो, वर जाऊन तरी येऊ. त्यावर त्याने मला उलट विचारलं की लिफ्ट कुणी कुणाला शिकवली. मी सही केली. त्याच्याबद्दल वाईट बोलताना माझा शेळपटपणा झाकायचं कारण नाही.

डोळ्यांच्या दवाखान्याच्या इमारतीत ते घडलं. सकाळी झाडलोट करणाऱ्या बाई तिसऱ्या मजल्यावर बादली घेऊन लिफ्टमधून बाहेर पडत होत्या. दार उघडं, एक पाय बाहेर, एक आत, आणि लिफ्ट वर सरकली. ब्रेकने धरलंच नाही. बाईंचा घोटा चिरडला. दोन दिवसांनी डॉक्टरांनी पाऊल काढलं.

माणूस असता तर हादरला असता. कॅप्टनला हुरूप आला. त्याने तीन दिवस रजा टाकली आणि एकोणीस पानांचा अहवाल लिहिला. मिनिटामिनिटाचा घटनाक्रम, रंगीत आकृत्या, वर प्लास्टिकचं कव्हर. त्यात बाईंचा उल्लेख ‘प्रवासी क्रमांक एक’ असा होता. निष्कर्ष असा की लिफ्ट पूर्ण थांबायच्या आत प्रवासी क्रमांक एकने घाई केली. हे तो आम्हाला जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवत होता.

माझ्या बायकोने विचारलं, "दादा, त्या बाईंना बघायला गेलास का?"

चौकशीत भावनेला जागा नसते, असं तो म्हणाला आणि पान उलटलं.

सरकारी चौकशीला एक मध्यमवयीन इंजिनिअरबाई आल्या होत्या. आवाज हळू, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी अहवाल चाळला, बाजूला ठेवला आणि आमचेच अकरा महिन्यांचे फॉर्म टेबलावर ओळीने मांडले. प्रत्येकात ब्रेकच्या लायनिंगची, म्हणजे घासून झिजणाऱ्या अस्तराची, जाडी एकच होती, चार मिलिमीटर.

"तुमचं लायनिंग झिजत नाही का?" त्यांनी विचारलं.

कॅप्टनने घसा खाकरला आणि एका मालवाहू विमानाची गोष्ट सुरू केली. त्यातही म्हणे असंच काहीसं झालं होतं. बाईंनी त्याला मध्ये तोडलं नाही. गोष्ट संपल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. ब्रेकचं कव्हर शेवटचं कधी उघडलं?

"उघडलंच नाही," मी म्हणालो. "आम्ही वर कधी गेलोच नाही."

कॅप्टनने माझ्याकडे असं पाहिलं, जणू लायनिंग मीच कुरतडून खाल्लं होतं.

त्याचा परवाना गेला, नोकरी गेली. मला सहा महिने घरी बसवलं, आणि तेही कमीच होतं. दोघांवरचा खटला अजून चालू आहे. कॅप्टन मात्र तसूभरही बदललेला नाही. प्रत्येक अपघातात वरचे लोक सुटतात आणि पायलटचा बळी जातो, तसा आपला गेला, असं तो सांगत फिरतो. मोबाइलवर त्याने हवाई सुरक्षेचा एक गट काढलाय. तिथली चारशे माणसं त्याला सर म्हणतात. या सरांनी यंत्राकडे एकदाही न पाहता एका बाईचं पाऊल घालवलं, हे त्या चारशेंपैकी एकालाही ठाऊक नाही.

चौकशीनंतरच्या आठवड्यात सासू मला म्हणाली, त्या झाडलोटवाल्या बाईंकडे दवाखान्यात घेऊन चल. बाई खिडकीजवळच्या कॉटवर होत्या, चादर एका बाजूला सपाट. त्यांनी विचारलं, आपण कोण?

"ज्याने लिफ्ट तपासली नाही, त्याची आई," सासू म्हणाली. मी माझं सांगितलं.

बाईंनी तोंड भिंतीकडे केलं. आपण निघू म्हणून मी सासूच्या खांद्याला हात लावला, पण ती हलली नाही. स्टुलावर बसून राहिली. भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा उठली, आणि जिन्यात मला म्हणाली, उद्या परत यायचंय.