फोन ठेवू नका

ऑफिसात तिचं नाव पडलं होतं ब्रेकताई. तोंडावर कुणी म्हणायचं नाही, पण पाठ वळली की सर्रास. आणि उगाच नव्हतं हो पडलं! सरकारच्या एआय धोरण विभागात तिचं कामच ते. कुणी नवीन मशीन घेऊन आला, की ही चष्मा नाकावर सरकवणार आणि विचारणार, "चुकलं तर काय करायचं ठरलंय?" झालं! समोरच्याचं अर्धं अवसान तिथंच गळायचं. तो म्हणायचा, "नाही चुकणार मॅडम." ती म्हणायची, "बरं. पण चुकलं तर?"

त्याच मजल्यावर, जिन्यापलीकडच्या हॉलमध्ये दुसरी एक होती. वयानं बरीच लहान, मशीन बनवणाऱ्या टीमची प्रमुख. ही बाई चालताना कधी कुणी पाहिलीच नाही, सदा धावत. हातात डबा असला तरी धावत, तो तिथंच विसरून पुन्हा धावत. तिचं नाव एक्सलेटर. दोन्ही नावं ठेवली होती ऑफिसच्या शिपाईमामांनी. चहाचा ट्रे घेऊन दोन्हीकडे जाणारा माणूस तो, त्याला सगळं ठाऊक. तो म्हणायचा, "दोघी एका खोलीत आल्या की चहा बाहेरच ठेवतो मी. आत सांडतो."

त्या वर्षी दोघींची जुंपली ती अँब्युलन्सच्या हेल्पलाइनवरून.

आता एक्सलेटरची बाजूही ऐकून घ्या, कारण ती काही वाईट नव्हती. हेल्पलाइनला फोन लावला की लोकांना नुसतं संगीत ऐकत बसावं लागायचं. घरात माणूस तडफडतोय आणि कानात सनई! एक्सलेटरनं ती रेकॉर्डिंग ऐकली होती आणि तिचा जीव कळवळला होता. म्हणून तिनं असं मशीन बनवलं, की पहिल्याच रिंगला फोन उचलेल, कुठून बोलताय, काय झालंय ते विचारेल आणि गाडी सोडेल. खरं सांगायचं तर मशीन झकास होतं. ब्रेकताईलाही मनातून ते पटलं होतं. पण तोंडानं कबूल करेल तर ती ब्रेकताई कसली!

घोडं पेंड खात होतं एका कलमापाशी. मशीननं दोन-तीनदा विचारूनही पलीकडचं बोलणं समजलं नाही, तर त्यानं फोन बंद करायचा. कारण हेल्पलाइनवर टवाळखोर कमी नव्हते. कुणी शिट्ट्या मारायचं, कुणी नुसतंच खिदळायचं, आणि तेवढा वेळ खरा गरजू ताटकळायचा. एक्सलेटर म्हणायची, "ताई, लाइन मोकळी झाली की दुसऱ्या कुणाचा तरी जीव वाचतो." ब्रेकताई म्हणायची, "आणि ज्याचा फोन बंद झाला, तो टवाळखोर नसेल तर?" एक्सलेटर चाचणीचे निकाल पुढे करायची. निकाल इतके सुंदर, की मशीनला परवानगी देणाऱ्या समितीच्या अध्यक्षबाई ब्रेकताईकडे बघून जांभई द्यायच्या.

एक गोष्ट मात्र ब्रेकताईनं कुणाला सांगितली नव्हती. तिच्या घरी आत्या होती.

ब्रेकताईची आई ती अगदी लहान असताना गेली. वडील फिरतीच्या नोकरीवर. वाढवलं ते आत्यानं. आत्या मोठ्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर. शाळा सुटली की ही पोर आत्याच्या स्विचबोर्डशेजारी स्टुलावर बसून अभ्यास करायची. घाबरलेले, रडणारे, कसले कसले फोन यायचे. आत्याचं एक वाक्य ठरलेलं, "फोन ठेवू नका, मी आहे." मग वॉर्ड शोधायचा, डॉक्टर शोधायचा, पण मधे मधे तेच. "मी आहे हं." मुलीला वाटायचं, सगळ्या जगाला ही आत्या पुरते, आणि तरी रात्री वेणी घालायला माझ्या वाटणीला उरते! आज ती जी कुणी होती ती आत्यामुळे, हे तिच्या मनात इतकं पक्कं होतं की त्याचा उच्चार करायचीही तिला लाज वाटायची.

अशा त्या आत्याला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हात सावरला, जीभ मात्र जड राहिली. डोकं तल्लख, टोमणे पूर्वीइतकेच धारदार, पण शब्द असे एकात एक मिसळलेले यायचे की बाहेरच्याला काही म्हणता काही कळायचं नाही. भाचीला सवयीनं कळायचं. ती कामावर गेली की आत्या दिवसभर घरात एकटी. आता कळलं ना, ते कलम हिला का टोचत होतं? पण ऑफिसात हे सांगणार कसं? घरचं रडगाणं ऑफिसात आणलं म्हणतील. म्हणून ती 'काही नागरिक', 'काही परिस्थिती' असं मोघम लिहायची. आणि मोघम लिहिलेलं कोण वाचतं?

मशीन सुरू व्हायची तारीख जवळ आली. एक्सलेटर खुशीत होती. तिनं सगळ्यांना सांगितलं, "घरच्यांना घेऊन या! ज्याला त्याला बोलून बघू दे." हे आत्याच्या कानावर गेलं आणि तिनं हट्टच धरला. "इतकी वर्षं मी फोन घेतले. आता घेणारा कोण आलाय ते बघू तरी!"

आत्या आली ती ठेवणीतले कपडे घालून, केसांना तेल लावून, काठी टेकत. एक्सलेटरनं लगबगीनं खुर्ची दिली. समोर मोठा पडदा होता, येणारा प्रत्येक फोन मशीन कुठे पाठवतं ते त्यावर दिसायचं. कुणाची सून बोलली, कुणाचे सासरे बोलले, मशीननं पटापटा गाड्या सोडल्या, टाळ्या पडल्या. मग आत्यानं फोन हातात घेतला. नीट, सावकाश, जीव ओतून बोलली. "छातीत दुखतंय. घरी एकटी आहे." मशीननं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं. कपाळावर घाम आला बिचारीच्या. मशीननं आणखी एकदा विचारलं आणि फोन बंद केला. पडद्यावर तिच्या आवाजाची पट्टी हळूच सरकली आणि एका कप्प्यात जाऊन पडली. कप्प्यावर नाव होतं, 'कचरा'.

ते नाव एक्सलेटरच्याच टीमनं दिलं होतं. चाचणीत जे आवाज अस्पष्ट होते ते खराब नमुने म्हणून त्यांनी आधीच काढून त्या कप्प्यात टाकले होते. धान्य निवडताना खडे काढावेत तसे. निकाल सुंदर येणारच की! त्यात कुणाचा खोटेपणा नव्हता. ते काम करणारे सगळेच तसं करतात, आणि सवयीचं झालं की खडा कोण आणि दाणा कोण हे विचारायचं राहून जातं.

आत्यानं पडद्याकडे बोट दाखवून एक्सलेटरला काहीतरी विचारलं. एक्सलेटरला कळलं नाही. तिनं ब्रेकताईकडे पाहिलं.

"त्या विचारतायत," ब्रेकताई म्हणाली, "की मी कुठे गेले?"

एक्सलेटर एवढंच म्हणाली, "बघते मी." आणि आयुष्यात पहिल्यांदा खोलीतून चालत गेली.

पुढच्या आठवड्यात समितीची शेवटची बैठक. आणि इथं ब्रेकताई स्वतःच्याच हातानं अडकली. विभागात एक नियम होता. एखाद्या निर्णयात ज्याच्या घरच्या माणसाचं बरंवाईट गुंतलंय, त्यानं तसं सांगायचं आणि निर्णय होईपर्यंत बाहेर बसायचं. मागे एका साहेबांनी मेहुण्याचं मशीन विभागाच्या गळ्यात मारलं होतं, तेव्हा हा नियम झाला. आणि लिहिला कुणी? हिनंच!

शिपाईमामा म्हणाले, "ताई, आत्यासाठी कोण धरतंय हो नियम? बसा आत."

"मी धरते ना," ती म्हणाली. "आज मीच मोडला, तर उद्या मेहुणेवाल्याला कुठल्या तोंडानं अडवू?"

तिनं उभं राहून सांगितलं आणि बाहेर आली. आत तिची बाजू घेणारं कुणी उरलं नाही. एक्सलेटरशी बोलावं, विनवावं, असं आदल्या दिवशी तिच्या दहादा मनात आलं होतं. पण इतके महिने जिच्याशी भांडलो तिच्यापुढे पदर पसरायचा? नाही जमलं. ती पाण्याच्या कूलरजवळच्या बाकावर बसली. बंद दाराकडे बघत राहिली आणि मनात म्हणाली, आत्या, तुझ्यासाठी एवढंही नाही गं आलं मला करता.

बऱ्याच वेळानं मामा ट्रे घेऊन बाहेर आले. एकाही कपाला कुणी हात लावला नव्हता.

"अहो ताई, आत काय चाललंय माहितेय? एक्सलेटर मॅडम स्वतःच्याच मशीनला नापास करतायत!"

तिनं काय केलं, तर तो 'कचरा' उघडला आणि एकामागून एक ऐकवला. धाप लागलेला एक म्हातारा. दातखीळ बसल्यासारखा कुणीतरी. एक लहान मूल, नुसतं रडणारं. दबक्या आवाजात कुजबुजणारी एक बाई. आणि मग म्हणाली, "आमचे निकाल या सगळ्यांना वगळून आहेत. ज्यांना अँब्युलन्सची सगळ्यात जास्त गरज, तेच आम्ही वगळले. मशीन आत्ता सुरू करू नका." तारीख पुढे गेली. उद्‌घाटनाला मोठी माणसं येणार होती, तिचं कौतुक होणार होतं, बढतीचीही कुजबुज होती. सगळ्यावर तिनं स्वतःच्या हातानं पाणी सोडलं. आणि कलम बदललं. मशीनला समजलं नाही तर त्यानं फोन कधीही बंद करायचा नाही, माणसाकडे द्यायचा. त्यासाठी माणसं नेमायची.

दार उघडलं. एक्सलेटर बाहेर आली. ब्रेकताई उठली. तिला काय काय म्हणायचं होतं! पण जिभेवर आलं ते भलतंच. "कलम… कलम लेखी घेतलंय ना नीट?"

"घेतलंय, ताई," एक्सलेटर हसली. "मशीननं त्या वेळी काय म्हणायचं, तेवढं राहिलंय."

ब्रेकताईनं मग तिला स्विचबोर्डची गोष्ट सांगितली. आभार मात्र राहूनच गेले. काही माणसांना भांडण सोपं जातं, आभार अवघड.

मशीन काही महिन्यांनी सुरू झालं. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि एका दुपारी आत्या न्हाणीघरात घसरून पडली.

तिनं गळ्यात अडकवलेल्या मोबाइलवरून आधी भाचीलाच फोन लावला. भाचीचा फोन मीटिंगमध्ये मुका करून पर्समध्ये. मग आत्यानं हेल्पलाइन लावली. मशीननं विचारलं, ती बोलली. पुन्हा विचारलं, ती कण्हत बोलली. मग पलीकडून आवाज आला, "फोन ठेवू नका, माणसाला देते." आणि एक मुलगी लाइनवर आली. म्हणाली, "आजी, बोलू नका. फोनवरून मला पत्ता दिसतोय. बरोबर असेल तर फोनवर टकटक करा." आत्यानं टकटक केली.

निरोप मिळून ब्रेकताई हॉस्पिटलात पोचली तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बघते तर आत्या पलंगावर, पायाला प्लॅस्टर, आणि नर्सला उशी नीट लावली नाही म्हणून रागावतेय. तिचा जीव भांड्यात पडला. आत्या म्हणाली, "आयुष्यभर लोकांना सांगितलं ठेवू नका. आज मला सांगितलं. मग कशी ठेवणार?"

ब्रेकताईनं तिथूनच एक्सलेटरला फोन लावला आणि घडलं ते सांगितलं.

एक्सलेटरनं पहिला प्रश्न विचारला, "मशीनला कळलं का हो त्यांचं बोलणं?"

"नाही गं. एक अक्षर नाही कळलं."

एक्सलेटर जवळजवळ ओरडलीच, "आणि फोन बंद नाही ना केला?"

"नाही केला. तुझ्यामुळे," ब्रेकताई म्हणाली, आणि इतक्या महिन्यांचं अडलेलं एकदम बाहेर आलं. "त्या दिवशी मी बाहेर बसले होते. मला वाटलं होतं, आत माझं कुणी नाही. तू होतीस. माझी आई गेली तेव्हा मला हिनं सांभाळलं, आणि आज हिला तू सांभाळलंस. तुझे उपकार कसे फेडू गं मी?" पुढे तिला बोलवेना. ती हॉस्पिटलच्या भर वॉर्डात हमसून हमसून रडायला लागली.

आत्यानं तिच्या हातातून फोन ओढून घेतला. "आण इकडे. रडतेस काय?" आणि स्वतःच बोलायला लागली. पुष्कळ बोलली. आशीर्वाद दिले, जेवायला बोलावलं, लग्नाचंही विचारलं.

पलीकडे एक्सलेटरला त्यातलं काहीही कळत नव्हतं. ती दरवेळी एवढंच म्हणत होती, "आत्या, मला नाही कळलं. पण फोन ठेवू नका. मी आहे."